समधातुक द्विरुक्ती
समधातुक द्विरुक्ती : एकाच धातूपासून झालेली दोन रूपे जवळजवळ योजून विधानाला जोर देण्याची भाषिक रीत. बायबलच्या जुन्या करारातील हिब्रू भाषेत ती विपुल आढळते व तेथून ती ग्रीक नव्या करारातही उतरली आहे.

हिब्रू धातूचे काळ, पुरुष, वचन यांनी न बांधलेले एक भाववाचक रूप असते. ते त्याच धातूच्या क्रियापदापूर्वी आले, की विधानाला निश्चयाचे किंवा आज्ञेचे बळ येते. ‘उत्पत्ति’ (२ : १७) मधील ‘मोत तामूत’ (शब्दशः ‘मरणे मरशील’) याचा अर्थ ‘तू निश्चितच मरशील’ असा आहे. येथे जोर मरणाच्या तीव्रतेवर नसून त्याच्या अटळपणावर आहे. काही भाष्यकारांनी या दोन शब्दांतून शारीरिक व आध्यात्मिक अशी दोन मरणे काढली. परंतु ‘निर्गम’ ग्रंथाच्या २१ व्या अध्यायातील देहान्तशासनाच्या नियमांत हीच रचना येते आणि तेथे मरण एकच आहे.

ग्रीकमध्ये असे रूप नाही. इ. स. पू. तिसऱ्या शतकापासून सिद्ध होत गेलेल्या ‘सेप्टुअजिंट’ या ग्रीक भाषांतरात त्याच्या जागी सजातीय नामाची तृतीयार्थी विभक्ती किंवा त्याच धातूचे कृदन्त योजलेले दिसते. सजातीय कर्माची रचना ग्रीकला परिचित होती. मात्र या द्विरुक्तीचे प्राचुर्य हिब्रूच्या प्रभावाने आले. लूककृत शुभवर्तमानातील (२२ : १५) ‘इच्छेने इच्छिले’ अशा अर्थाची रचना याच वळणाची आहे.

संस्कृतातील ‘समूलघातं हन्ति’ हा प्रयोग या रीतीच्या जवळचा आहे. अशा णमुलन्त रूपांनंतर त्याच धातूचे क्रियापद यावे, असा पाणिनीचा नियम आहे (३·४·४६). मराठीत ‘खेळ खेळणे’, ‘लढाई लढणे’ यांत सजातीय कर्म असते. पण त्याने निश्चय व्यक्त होत नाही. त्यासाठी मराठी ‘च’ हे अव्यय किंवा ‘जाणार म्हणजे जाणारच’ अशी द्विरुक्ती वापरते.

त्यामुळे रूप राखावे की अर्थ, हा प्रश्न भाषांतरकारापुढे उभा राहतो. पुणे–सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ भाषांतून थेट भाषांतर करताना हा प्रश्न पदोपदी येतो. अर्थ राखण्याचे उत्तम उदाहरण म्हणजे मराठी बायबलमधील ‘गीतरत्न’ हे नाव. मूळ हिब्रू नावाचा शब्दशः अर्थ ‘गीतांचे गीत’, म्हणजे सर्वश्रेष्ठ गीत, असा आहे. ग्रीकने येथे द्विरुक्ती जशीच्या तशी ठेवली. मराठीने ती सोडून ‘नररत्न’, ‘ग्रंथरत्न’ यांसारखा स्वतःचा समास योजला. त्यात शब्दाची पुनरावृत्ती गेली, श्रेष्ठत्वाचा अर्थ मात्र पूर्ण उतरला.