बारा ते तीनचा खेळ

नवजात बाळाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा असतो. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलं तर फसगत होते, कारण एवढंसं बाळ एकसारखा श्वास घेत नाही. मध्येच थांबतं, मग भराभर घेतं. मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त आले तर पुन्हा एकदा मोजायचं, आणि तरीही तेवढेच भरले तर वाट न बघता दवाखान्यात न्यायचं. आमच्या आशाताई हे करतात. आमच्यात आठवी शिकलेल्या आहेत, बी.ए. झालेल्याही आहेत, घड्याळाच्या काट्यावर नजर ठेवून बाळाचं पोट वर-खाली होताना मोजणं दोघींनाही सारखंच शिकावं लागतं.

मी पाटण तालुक्यात गटप्रवर्तक आहे. साधारण 1000 लोकवस्तीमागे एक आशा आणि वीसेक आशांमागे माझ्यासारखी एक, अशी रचना. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यातून ही योजना उभी राहिली. आज महाराष्ट्रात 70 हजारांच्या आसपास आशा आहेत. आमच्याकडच्या वाड्या डोंगरात. जुलैत ओढ्याला पाणी आलं की गाडी अलीकडेच थांबते आणि पुढची गृहभेट चालत होते.

2023 च्या जुलैमधल्या एका आठवड्याबद्दल सांगायचं आहे. सोमवारी प्राथमिक आरोग्य केंद्रात मासिक सभा झाली. आशा डायऱ्या, गरोदर मातांची यादी, जोखमीच्या माता, मोबदल्याचे फॉर्म. मंगळवारी तालुक्याला बैठक. ऑगस्टमध्ये विशेष मिशन इंद्रधनुष 5.0 ची पहिली फेरी होती, त्याआधी घरोघर फिरून पाच वर्षांपर्यंतची कोणती मुलं लसीवाचून राहिलीत ते शोधायचं होतं. बैठकीत आम्ही आकडे देतो आणि नवे आकडे घेऊन परततो. ते लागतातच, त्याबद्दल तक्रार नाही. पण आशाला मोबदला कामागणिक मिळतो; दिवसभर बैठकीत बसलेल्या बाईच्या घरच्या भेटी संध्याकाळी अंधारात होतात, हे वर बसलेल्यांनी ध्यानात घ्यायला हवं.

बुधवार ते शुक्रवार प्रशिक्षण होतं. विषय घरच्या घरी नवजात बाळाची काळजी. ही पद्धत महाराष्ट्रातच घडली, याचा मला फार अभिमान वाटतो. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं. 39 गावांतल्या त्या कामाचे निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी कमी. पुढे 2011 पासून देशभरातल्या आशांच्या कामात ते आलं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं. बाळ झोळीत घालून वजन करायचं, काखेत थर्मामीटर लावायचा, दूध ओढतंय का बघायचं, छाती आत ओढली जातेय का बघायचं.

आधी बाहुलीवर सराव झाला, मग सिस्टरनी वॉर्डात नेलं. तिथं खऱ्या बाळापाशी चार-चार जणी उभ्या राहून मोजत होत्या आणि प्रत्येकीचा आकडा वेगळा येत होता. एकसारखा येईपर्यंत सिस्टरनी कुणाला हलू दिलं नाही. प्रशिक्षण असं असावं.

शुक्रवारी जेवताना सिनेमाचा विषय निघाला. ‘बाईपण भारी देवा’ 30 जूनला लागला होता. केदार शिंदे यांचा सिनेमा. एकमेकींपासून दुरावलेल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. गावोगावच्या बायका गट करून, नऊवारी नेसून बघायला निघाल्या होत्या. "मॅडम, आपण का नाही?" एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, "पोरं सासूकडं ठेवते, पण जायचंच." मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, त्यामुळे कराडपर्यंतच्या खर्चाची कुणी काळजी केली नाही.

मी मनापासून हो म्हटलं. आशा आपापल्या वाडीत एकटी काम करते. तिचं बाळ दगावलं, एखाद्या घरानं दारातून परतवलं, तर ते बोलायला शेजारी दुसरी आशा नसते. सभेत भेटतो तेव्हा मध्ये रजिस्टर असतं. कुठलाही अहवाल न देता सगळ्या जणी एकत्र बसतील, असे तीन तास मला हवे होते.

रविवारी बारा ते तीनचा खेळ. आमची अख्खी रांग भरली. पडद्यावर बहिणी फुगड्या घालायला लागल्या तशा आमच्यातल्या दोघी-तिघी खुर्चीतच हात धरून डोलत होत्या. गुडघेदुखी, नवऱ्याचं तोडून बोलणं, सासरी दबून राहणं, यातलं काही आमच्या रांगेला नवं नव्हतं, आणि रडताना कुणी कुणापासून तोंड लपवलं नाही.

मध्यंतरात एकीचा फोन वाजला. तिच्या वाडीतली बाळंतीण होती, बाळ सकाळपासून दूध ओढत नव्हतं. आशानं जिन्यात उभं राहून तिच्या नणंदेला श्वास मोजायला लावले, स्वतः घड्याळ लावून. दोनदा. दोन्ही वेळा 60 च्या वर. बाळाला आईच्या छातीशी गुंडाळून धरायला सांगितलं, 102 ची गाडी लावली, आरोग्य केंद्राच्या सिस्टरना कळवलं. तिथून बाळाला कराडलाच पाठवायचं ठरलं, तशी ती आणि मी थेट रुग्णालयात जाऊन थांबलो. बाळ दाखल झालं आणि काही दिवसांनी बरं होऊन घरी गेलं.

संध्याकाळच्या एसटीत बाकीच्या जणी तिला उरलेली गोष्ट सांगायला लागल्या. तिनं हातानंच थांबवलं. "शेवट सांगू नका गं, मला बघायचाय." पुढच्या रविवारी ती सासूला घेऊन पुन्हा कराडला गेली.