छपरावरचा सिमेंटचा पत्रा आणि मेसोथेलिओमा

कर्जत लोकलच्या खिडकीतून उल्हासनगर ते बदलापूर एवढा टप्पा पाहिला तरी करड्या, नागमोडी पत्र्यांची छपरे किती आहेत ते कळते. कॅम्पातले गाळे, अंबरनाथच्या आनंदनगर एम.आय.डी.सी.तील जुन्या शेड, चाळी, टपऱ्या, गोठे, कुठे मदरशाची पडवी, कुठे मस्जिदीच्या वुजूखान्यावरचा आडोसा. आपण त्याला 'सिमेंटचा पत्रा' म्हणतो, आणि ते खोटे नाही, कारण त्यात बहुतांश सिमेंटच असते. मात्र साधारण 8 ते 10 टक्के भाग ॲस्बेस्टॉसच्या धाग्यांचा असतो, आणि हा लेख त्या धाग्यांविषयी आहे.

ॲस्बेस्टॉस हा खाणीतून निघणारा दगड. हाताने चुरला की कापसासारखे तंतू सुटतात. ते जळत नाहीत, कुजत नाहीत, ओढून तुटत नाहीत. फारसीत याला 'पंबा-ए-नसोज' म्हणजे न जळणारा कापूस म्हणतात. दहाव्या शतकातला अरब भूगोलकार अल-मुकद्दसी बदख्शानच्या 'हजर-उल-फतीला'चा, म्हणजे वातीच्या दगडाचा उल्लेख करतो. त्याच्या वाती दिव्यात जळून संपत नसत, आणि त्याचे मळलेले कापड आगीत टाकून साफ करत. उर्दू शायरीतला आगीत राहणारा 'समंदर' नावाचा प्राणी आम्ही वर्गात शिकवतो. त्याच प्राण्याच्या कातडीचे म्हणून हे कापड एके काळी विकले जाई, आणि तो प्राण्याचा नव्हे तर दगडाचा धागा आहे, असे मार्को पोलोने लिहून ठेवले. मुलांना हे सांगितले की ती खूश होतात. पुढचा भाग सांगताना मात्र वर्ग शांत होतो.

आपल्या फुप्फुसांना बाहेरून एक पातळ, ओलसर पडदा असतो. पोटातल्या आतड्यांना आणि हृदयालाही तसाच असतो. श्वास घेताना फुप्फुस छातीच्या पिंजऱ्याला घासू नये म्हणून ही अल्लाहने केलेली सोय. या पडद्याच्या पेशींना मेसोथेलियम म्हणतात आणि तिथे होणाऱ्या कॅन्सरला मेसोथेलिओमा. हा फुप्फुसाच्या नेहमीच्या कॅन्सरपेक्षा वेगळा आजार आहे. विडी-सिगारेटने तो होत नाही. (ॲस्बेस्टॉसच्या धुळीत काम करणारा सिगारेट ओढत असेल तर त्याचा फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका मात्र कैक पटींनी वाढतो, म्हणून सिगारेटला इथे माफी नाही.) मेसोथेलिओमाचे मुख्य ज्ञात कारण एकच, ॲस्बेस्टॉस. केसाहून शेकडो पटींनी बारीक असलेले त्याचे तंतू श्वासाबरोबर खोल जातात. शरीराला ते विरघळवता येत नाहीत आणि बाहेरही टाकता येत नाहीत. काही तंतू सरकत सरकत त्या पडद्यापर्यंत पोहोचतात आणि वर्षानुवर्षे तिथे टोचत राहतात.

इथे वर्षे म्हणजे 20, 30, 40, कधी 50. या आजाराची सगळी अडचण या आकड्यात आहे. माणूस 22 व्या वर्षी पत्रे कापतो आणि 60 व्या वर्षी त्याच्या छातीत पाणी होते. मधल्या काळात कारखाना बंद पडलेला असतो, ठेकेदार मेलेला असतो, आणि आपण तरुणपणी काय काम करत होतो हे त्याच्या मुलांनाही धड माहीत नसते.

हा संबंध जगाला कळला तो दक्षिण आफ्रिकेत, आणि ज्या वाटेने कळला ती आपल्याकडच्या डॉक्टरांनी आणि घरच्यांनीही लक्षात ठेवावी अशी आहे. किंबर्लीच्या क्षयरोग रुग्णालयात डॉ. स्लेग्ज यांच्याकडे छातीत पाणी झालेले रुग्ण येत. टी.बी.ची औषधे दिली की त्यातले बरेच बरे होत. काही मात्र औषधांना दादच देत नसत. हे न सुधारणारे रुग्ण बहुतेक पश्चिमेकडून येतात हे स्लेग्ज यांच्या ध्यानात आले. त्या बाजूला निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणी होत्या. 1960 मध्ये डॉ. वॅग्नर यांनी त्यांच्याबरोबर 33 रुग्णांची माहिती छापली. त्यातले सगळेच खाणकामगार नव्हते. काही जण लहानपणी फक्त त्या डोंगरांच्या आसपास राहिले होते.

पाच वर्षांनी लंडनहून दुसरा अभ्यास आला. डॉ. न्यूहाउस आणि डॉ. थॉम्पसन यांनी 76 रुग्णांचे जुने आयुष्य खोदून काढले. त्यातल्या 9 जणांनी स्वतः ॲस्बेस्टॉसला कधी हात लावला नव्हता, त्यांच्या घरचे कुणी त्या कारखान्यात कामाला होते. बहुतेक वेळा नवरा धुळीचे कपडे घालून घरी यायचा आणि बायको ते झटकून धुवायची, एवढाच संबंध. आणखी 11 जण कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहत होते. आमच्या भगिनी वाचकांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा असे आम्हांला वाटते, कारण आपल्याकडे कामाचे कपडे कोण धुते ते सांगायला नको.

गेल्या वर्षी आम्ही नववीच्या मुलांना एक काम दिले: घरातल्या वडीलधाऱ्यांनी आयुष्यभर कोणकोणती कामे केली ते विचारून वहीत लिहा. उद्देश मराठी निबंधाचा होता. वह्या तपासताना आम्ही वेगळ्याच कारणाने थबकलो. कुणाचे नाना कोकणातून येऊन पंधरा वर्षे जहाजावर खलाशी होते, कुणाचे दादा बॉयलरच्या पाइपांवर पांढरी पट्टी गुंडाळायचे, कुणाच्या चाचांचे ब्रेकच्या कामाचे गॅरेज होते, कुणी बेकरीच्या भट्टीवर. एका मुलीने लिहिले होते की तिचे अब्बा 'पत्रे मारतात' आणि संध्याकाळी घरी आले की डोक्यापासून पायांपर्यंत पांढरे असतात, भुतासारखे.

या प्रत्येक कामात ॲस्बेस्टॉस होते किंवा असण्याची शक्यता होती. जुन्या जहाजांच्या इंजिनरूममध्ये आणि पाइपांवर ते भरलेले असे. नवीन बसवण्यावर जागतिक नियमांनी पूर्ण बंदी आणली ती 2011 पासून, म्हणजे त्याआधीची जहाजे भंगारात निघतात तेव्हा तोडणाऱ्या हातांना ते अजून भेटते. ब्रेक लायनर आणि क्लच प्लेटमध्ये ते वर्षानुवर्षे वापरले गेले. चाक उघडून ड्रममधली काळी पूड कॉम्प्रेसरची हवा मारून उडवायची, ही गॅरेजमधली रोजची सवय. ते काम सहसा तिथल्या सर्वांत लहान पोराकडे असते, आणि त्याचे नाक ड्रमपासून वीतभर अंतरावर असते. भट्टीच्या दाराला लावायची पांढरी दोरी, उष्णता अडवायचा पुठ्ठ्यासारखा बोर्ड, उकळत्या भांड्यांसाठीचे जुने हातमोजे, यांतही ते असे.

त्या मुलीचे अब्बा पालकसभेला आले तेव्हा आम्ही विषय काढला. ते हसले. "सर, हे सिमेंट आहे. आमचे उस्ताद सत्तर वर्षे जगले याच धुळीत." आम्ही त्यांना विचारले, उस्ताद गेले कशाने? ते थोडे थांबले. "दम्याने. शेवटी छातीत पाणी व्हायचे सारखे. टी.बी.ची दवा चालू होती."

उस्तादांना काय झाले होते ते आता कुणीही सांगू शकत नाही, आणि आम्हीही सांगणार नाही. आपल्या देशात छातीत पाणी होण्याचे मोठे कारण खरोखरच टी.बी. आहे, त्यामुळे डॉक्टरांनी आधी टी.बी.चा विचार करणे योग्यच. पण औषधांचा कोर्स नीट पुरा होऊनही पाणी पुन्हा भरत असेल, एकाच बाजूला सतत दुखत असेल, धाप आणि वजन घटणे थांबत नसेल, तर किंबर्लीची गोष्ट आठवावी. अशा वेळी डॉक्टरांना आपणहून सांगावे की या माणसाने अमुक साली, अमुक ठिकाणी, अमुक काम केले आहे. एक्स-रेवर ॲस्बेस्टॉस असे लिहून येत नाही. सी.टी. स्कॅन आणि त्यानंतर पडद्याच्या तुकड्याची तपासणी, म्हणजे बायोप्सी, याशिवाय मेसोथेलिओमाचे निदान पक्के होत नाही. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय आपल्या लोकल मार्गावरच आहे.

निदान झाले तर पुढे काय, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. हा कॅन्सर बहुतेकदा उशिरा कळतो आणि बहुसंख्य रुग्णांच्या हाती एक-दीड वर्षच असते. केमोथेरपीने आणि अलीकडच्या इम्युनोथेरपीने काहींना जास्त वेळ मिळतो, मोजक्यांना शस्त्रक्रिया करता येते. छातीतले पाणी काढल्याने श्वासाला आराम मिळतो, आणि तो आरामही मोठा असतो.

आता हक्काची बाजू. मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस गिरणीच्या 181 कामगारांना तपासून डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी 2005 मध्ये निष्कर्ष छापले. एक पंचमांशाहून जास्त कामगारांना ॲस्बेस्टॉसिस, म्हणजे या धुळीने फुप्फुस घट्ट होण्याचा आजार, निघाला. देशात अंदाजे एक लाख कामगार या धुळीत असताना तोवर भरपाई मिळालेले तीसही नव्हते, असे त्यांनी लिहिले. मुलुंडच्या जुन्या ॲस्बेस्टॉस-सिमेंट कारखान्याचा संबंध ब्रिटनच्या टर्नर अँड न्यूअल कंपनीशी होता. या कंपनीच्या मूळ घराण्याच्या रॉचडेलमधील गिरणीत काम करणारी नेली केरशॉ 1924 मध्ये वारली, वय 33. तिच्या फुप्फुसात ॲस्बेस्टॉसचे तंतू सापडले, तरी कंपनीने दफनाचा खर्चसुद्धा दिला नाही. पुढे हजारो दाव्यांनंतर 2001 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 27 जानेवारी 1995 रोजी ॲस्बेस्टॉसविषयी मोठा निकाल दिला. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान 40 वर्षे, किंवा काम सोडल्यानंतर 15 वर्षे, यांपैकी जे उशिराचे असेल तोवर मालकाने जपली पाहिजे, असा आदेश त्यात आहे. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा हे कामगार भरपाई कायद्याच्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहेत, ई.एस.आय.च्या यादीतही आहेत. म्हणून जुने ई.एस.आय. कार्ड, पगाराची चिठ्ठी, पी.एफ.चा कागद, गेटपास, जहाजावरच्यांचे सी.डी.सी. पुस्तक फेकू नका. 'मौत बरहक आहे, आता कागद घेऊन काय करायचे' असे अनेक घरांत म्हणतात. मौत बरहक आहेच, पण मरहूमची कमाई आणि बायको-मुलांचा त्यावरचा हक्कही बरहक आहे.

दुर्दैवाने ठेक्यावर पत्रे मारणाऱ्याकडे यातला एकही कागद नसतो. त्याच्यासाठी एवढेच करता येते: कोणत्या साली कुठे काम केले, सोबत कोण होते, हे साध्या वहीत लिहून ठेवावे. नववीच्या मुलांकडून ते फार चांगले होते, असा आमचा अनुभव आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने कामावरच्या ॲस्बेस्टॉसमुळे जगात दरवर्षी 2 लाखांहून अधिक माणसे मरतात. साठाहून अधिक देशांनी ते बंद केले आहे. आपण 1986 पासून खाणकामाला नवे परवाने देणे थांबवले, पण रशिया, कझाकस्तानहून पांढरा ॲस्बेस्टॉस आणून पत्रे करणे चालूच आहे. पांढरा निळ्यापेक्षा सौम्य, असा कंपन्यांचा दावा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने मात्र सगळ्या प्रकारांना कॅन्सरकारकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे.

मग छपराखाली राहणाऱ्यांनी घाबरून घर सोडायचे का? नाही. अखंड, न हललेल्या पत्र्यातून तंतू फारसे सुटत नाहीत. तो कापला, भोक पाडले, घासला, तुटला की सुटतात. पावसाळ्याआधी छपरावर चढून तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडण्याची आपली पद्धत सर्वांत वाईट. ग्राइंडरने सुका पत्रा कापणे त्याहून वाईट. कापावाच लागला तर पाण्याने भिजवून, हाताच्या करवतीने, मुलांना दूर पाठवून कापावा. तोंडाला रुमाल बांधून हे तंतू अडत नाहीत, त्यासाठी घट्ट बसणारा पी-100 किंवा एफ.एफ.पी.-3 दर्जाचा मास्क लागतो, एन-95 पुरेसा नाही. भुगा झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावा. कामाचे कपडे झटकू नयेत, घरच्या कपड्यांत मिसळू नयेत, आधी पाण्यात बुडवावेत. गॅरेजवाल्यांनी ब्रेक ड्रम हवेऐवजी ओल्या फडक्याने साफ करावा. छप्पर नव्याने घालायचे असेल तर कलर कोटेड लोखंडी पत्रा घ्यावा. तो तापतो आणि पावसात आवाज करतो, हे खरे आहे.

3 जून 2020 चे निसर्ग वादळ आपल्यातल्या अनेकांच्या गावांवरून, श्रीवर्धन, म्हसळा, माणगाव भागातून गेले. किती छपरे उडाली ते तुम्ही पाहिले आहे. लोकांनी ते तुकडे हातांनी गोळा केले, वाटेवरच्या चिखलात भर म्हणून टाकले, गटारावर झाकण केले, न्हाणीला आडोसा केला. पायांखाली ते तुकडे अजून चुरडले जात आहेत. घरातल्या अशा तुकड्यांसाठी नगरपालिकेची वेगळी सोय आमच्या पाहण्यात आलेली नाही, आणि भंगारवाला ते घेत नाही. तोवर तुकडे भिजवून, न फोडता, जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधावेत, वर मोठ्या अक्षरांत 'ॲस्बेस्टॉस, फोडू नये' असे मराठीत आणि उर्दूत लिहावे, आणि मुले खेळत नाहीत अशा कोपऱ्यात ठेवावेत.