मुंबई ते लंडन: जायला जास्त वेळ, यायला कमी. असं का?

मुंबई ते हीथ्रो हे सरळ हवाई अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. जाताना साडेनऊ-दहा तास लागतात, परतताना मात्र तासभर कमी. रस्ता तोच, मग फरक कुठून येतो?

उत्तर आहे वाऱ्यात. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किमी धरू. समोरून १०० किमीचा वारा असेल तर जमिनीच्या हिशेबाने वेग उरतो ८००. परतताना तोच वारा पाठीशी, म्हणजे थेट १,०००! सीटसमोरच्या स्क्रीनवर 'ग्राउंड स्पीड' दिसतो, तो जाता-येता टिपून ठेवा. गंमत कळेल.

आणखी दोन गोष्टी:

१. नकाशावर मार्ग वाकडा दिसतो, पण जवळचा तोच असतो. पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून बघा. मात्र एखाद्या देशाची हवाई हद्द बंद असली की वळसा पडतो.

२. तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. दुपारी २ला निघून दहा तासांनी उतरलात, तर उन्हाळ्यात तिथे संध्याकाळचे साडेसातच वाजलेले असतात.

म्हणून पुढच्या वेळी तिकीट काढताना नुसती घड्याळातली वेळ पाहू नका, 'एकूण कालावधी' बघा. खरा प्रवास तोच.