गावचे कापड दुकान : वार आणि मीटर

कापडाला कायद्याने मीटर लागू झाला तो १९६० च्या दशकात. तरी सातारा-सांगलीकडच्या खेड्यांत आमच्या लहानपणी, १९७५-८० च्या सुमारास, गिऱ्हाईक कापड मागे ते वारातच. वार ३६ इंचांचा, मीटर ३९.३७ इंचांचा. दहा रुपये मीटरचे कापड वाराला ९ रुपये १४ पैसे पडते. वार मोजून मीटरचा भाव लावला, की गिऱ्हाइकाचे वारामागे ८६ पैसे गेले! म्हणून आमचे अब्बा दोन्ही भाव आधीच सांगत. उधारी फिटायची ती सांगलीला हळद किंवा कराडला गूळ विकल्यावर; इतके महिने गिऱ्हाईक बांधून राही ते या मापामुळेच. नऊवारी म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर, हे दुकानातल्या नव्या पोरांना आम्हाला आजही शिकवावे लागते.