पहिला भिडू कोणाचा?

मित्रहो, गेल्या खेपेला व्याख्यान संपल्यावर साताऱ्यातल्या एका श्रोत्याने मला अडवलं. म्हणाले, "सर, मूल्य म्हणजे काय हे तुम्ही तासभर सांगितलंत. आता एखादं उदाहरण असं द्या की माझ्या मुलालाही ऐकावंसं वाटेल." मी विचारात पडलो. पण उदाहरण माझ्या घरातच होतं, म्हणून आज ते घेऊन आलो आहे.

आमच्या कुटुंबातली आठ नातवंडं एक खेळ खेळतात. कोणी साताऱ्यात, कोणी सांगलीत, दोघं न्यू जर्सीत. खेळ आहे अमेरिकन फुटबॉलचा 'फँटसी लीग'. मैदानात कोणी उतरत नाही. प्रत्येकाने खऱ्या खेळाडूंमधून आपला काल्पनिक संघ निवडायचा. ते खेळाडू रविवारी खऱ्या सामन्यात जे करतील, त्याचे गुण आपल्याला. पैसे लावत नाहीत, हे आधीच सांगतो. पैशांच्या अशा ऑनलाइन खेळांवर आपल्याकडे २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून बंदीच घातली आहे. आमच्याकडे हरणारा सगळ्यांना भेळ देतो, एवढंच.

निवड पाळीपाळीने होते, तिला 'ड्राफ्ट' म्हणतात. या वर्षी चिठ्ठ्या टाकल्या आणि आमच्या सांगलीच्या नातवाला आठवी, म्हणजे शेवटची पाळी आली. पोरगा तोंड पाडून बसला. "आजोबा, संपलं! चांगले सगळे आधीच जाणार." मला माझं साताऱ्यातलं लहानपण आठवलं. दोन राजे समोरासमोर उभे राहायचे, पहिला भिडू कोण मागणार यावरून भांडण व्हायचं, आणि शेवटी उरलेला लिंबू-टिंबू कोणाच्या तरी पदरात पडायचा. पहिला भिडू मिळाला की डाव जिंकलाच, अशी आमचीही खात्री असायची.

ही खात्री कितपत खरी आहे?

आधी नियम पाहू. ड्राफ्ट बहुधा नागमोडी असतो. पहिल्या फेरीत एक ते आठ, दुसऱ्या फेरीत उलट, आठ ते एक. म्हणजे पहिल्याला १ आणि १६ क्रमांकाची निवड मिळते. आठव्याला ८ आणि ९. बेरीज करा, दोघांची १७. म्हणजे हिशेब बरोबर झाला का? तर नाही. कारण पहिल्या आणि आठव्या खेळाडूतलं अंतर हे नवव्या आणि सोळाव्यातल्या अंतरापेक्षा सहसा जास्त असतं. उतार सुरुवातीला तीव्र असतो, पुढे सपाट होत जातो. तेव्हा पहिल्या पाळीला मोल आहे, हे आपण मान्य करू.

पण खेळाडूचं मोल कशावर ठरतं? किती गुण मिळवतो यावर? नाही बरं का. त्याच्या जागी दुसरा कोण सहज मिळाला असता, त्याच्यापेक्षा हा किती जास्त देतो, यावर. क्वार्टरबॅक हा डाव रचणारा खेळाडू. तो बहुधा सगळ्यांत जास्त गुण देतो. तरी जाणकार त्याला पहिल्या फेरीत सहसा घेत नाहीत. का? अमेरिकेत व्यावसायिक संघ ३२. आमच्या लीगमध्ये आठ जणांना प्रत्येकी एकच क्वार्टरबॅक लागतो. उरलेल्यांतही बरे पुष्कळ असतात. पाणी जगायला हवंच, पण नदीकाठी ते कोणी विकत घेत नाही, तसंच हे.

इथवर गणित झालं. खरी अडचण पुढे आहे: पहिला कोण, हे आपल्याला आधी कळतं का? २०२४च्या हंगामाआधी बहुतेकांच्या यादीत ख्रिश्चन मॅकॅफ्री पहिला होता. आदल्या वर्षीचा त्याचा खेळ पाहता ते योग्यच होतं. दुखापतींमुळे तो त्या हंगामात चारच सामने खेळला. उलट २०२३मध्ये पुका नकुआ हा नवखा खेळाडू बहुतेक फँटसी लीगमध्ये कोणी निवडलाच नव्हता. त्याने १०५ झेल घेऊन नवख्यांचा विक्रम केला.

खऱ्या संघांच्या ड्राफ्टचा अभ्यास केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांनी केला. हे थेलर म्हणजे २०१७चे अर्थशास्त्रातले नोबेल मानकरी. एकाच जागेवर खेळणारे, एकापाठोपाठ निवडले गेलेले दोन खेळाडू घेतले, तर आधी निवडलेला सरस ठरण्याची शक्यता त्यांना सुमारे ५२ टक्के दिसली. नाणेफेकीहून थोडीशी जास्त. संघ मात्र आधीच्या निवडीसाठी पुष्कळ जास्त किंमत मोजत होते. दोन गोष्टी वेगळ्या ठेवा: पहिला खेळाडू वाईट असतो असं ते म्हणत नाहीत. आपल्या अंदाजावर आपण गरजेपेक्षा जास्त विश्वास ठेवतो, असं म्हणतात.

आता अमेरिकेतून घरी येऊ. सांगलीच्या माधवनगरात वाढलेली स्मृती मानधना आपल्या सगळ्यांची. १३ फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईत महिला प्रीमियर लीगचा पहिला लिलाव झाला, त्यात पहिलं नाव तिचंच पुकारलं गेलं. बंगळूरने तिला ३ कोटी ४० लाखांना घेतलं. प्रत्येक संघाकडे एकूण १२ कोटी होते, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून जास्त रक्कम एका नावावर गेली. लिलाव आणि ड्राफ्ट वेगळे. एकात पैसा मोजायचा, दुसऱ्यात पाळी. प्रश्न मात्र तोच.

पहिल्या हंगामात बंगळूर पहिले पाचही सामने हरलं आणि स्मृतीच्या आठ डावांत १४९ धावा झाल्या. विजेत्या मुंबईकडे हेली मॅथ्यूज होती. आधी तिला कोणी घेतलंच नव्हतं, मग ४० लाखांना मिळाली आणि स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ठरली. दहा लाखांच्या साईका इशाकने १५ बळी घेतले. झालं, लोक म्हणू लागले, महागडी निवड म्हणजे पैसे पाण्यात. पण त्याच मुंबईला अंतिम सामना नाबाद ६० धावा करून जिंकून दिला तो ३ कोटी २० लाखांच्या नॅट सिव्हर-ब्रंटने!

पुढच्या वर्षी १७ मार्च २०२४ला बंगळूरने करंडक जिंकला. कर्णधार स्मृती, तिच्या धावा ३००. आणि अंतिम सामन्यात १२ धावांत ४ बळी घेणारी श्रेयांका पाटील होती दहा लाखांची. मग पहिली निवड चुकली होती की बरोबर होती? मित्रहो, निकाल पाहून निर्णयाला नावं ठेवणं किंवा डोक्यावर घेणं, दोन्ही चूकच. निर्णय ज्या क्षणी घेतला, तेव्हा जे माहीत होतं त्यावरच तो तपासायचा. आणि करंडक एका नावाने येत नाही. पहिलीच्या सोबत शेवटच्या दहा लाखांकडेही कोणीतरी नीट पाहिलेलं असावं लागतं.

आता मला बोचणारी गोष्ट. १९९५मध्ये बॅरी स्टॉ आणि हा होआंग यांनी अमेरिकन बास्केटबॉलचा अभ्यास केला. खेळ सारखाच असला तरी आधी निवडलेल्या खेळाडूंना मैदानावर जास्त वेळ मिळत होता. का? त्यांच्यावर आधीच जास्त किंमत मोजलेली होती. हे वाचलं आणि मी माझ्याच वर्गात जाऊन पोचलो. सांगलीत मी तत्त्वज्ञान शिकवत असे. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मी मनातल्या मनात चार हुशार मुलं ठरवून टाकायचो. मग प्रश्न त्यांनाच, पुस्तकंही त्यांनाच. वर्षाअखेरीस ती पुढे असायची आणि मी म्हणायचो, बघा, माझी पारख! पारख कसली? वेळ मी त्यांना दिला होता. मागच्या बाकावर कोण होतं, हे मला आज आठवतही नाही. खेळात ही चूक भेळेवर भागते. वर्गात भागत नाही.

तर मग आधीच्या निवडीला आपण अवाजवी महत्त्व देतो का? माझं उत्तर असं: पहिल्या पाळीला थोडं मोल आहे, आपण समजतो तेवढं नाही, आणि खरं नुकसान निवडीनंतर होतं. पहिला म्हणून घेतलेला चारचार आठवडे खेळत नसतो, तरी आपण त्याला बसवत नाही, आणि शेवटी घेतलेल्याकडे बघत नाही.

नातवाला मी एवढंच सांगितलं, की आठवा आणि नववा असे दोघं तुला लागोपाठ मिळतात, त्याचा विचार कर. तेराव्या-चौदाव्या फेरीत बाकीचे जांभया देत असतील, तेव्हा तू जागा राहा. आणि दर मंगळवारी आपला संघ असा बघ, की कोणाला कितव्या पाळीला घेतलं हे तुला आठवतच नाही. तो म्हणाला, "आजोबा, हे शेवटचं फार अवघड आहे." खरं आहे. मला ते नोकरीच्या सगळ्या वर्षांत जमलं नाही.

लीगचा निकाल जानेवारीत लागेल. भेळ कोणी दिली, ते तेव्हा सांगेन. पण नातू हरला म्हणून माझं म्हणणं खोटं ठरवू नका, आणि जिंकला म्हणून खरंही मानू नका.