आमच्या माळरानावरील लांडगा

इसापाच्या गोष्टींतील "लांडगा आला रे आला" म्हणून गांवास फसविणारा मेंढपाळाचा पोर ज्यास ठाऊक नाहीं असा विद्यार्थी विरळा. पवित्र शास्त्रांतहि लांडगा येतो तो बहुधा कळपाचा वैरी म्हणूनच. परंतु गोष्टींतल्या या खलपुरुषावांचून दुसरा, हाडामांसाचा व घरसंसाराचा एक लांडगा दक्षिणेच्या उघड्या माळांवर राहतो. त्याची थोडी ओळख वाचकांस करून द्यावी असें आम्हांस वाटतें.

त्याचें शास्त्रीय वर्णन प्रथम झालें तें दक्षिणेंतीलच प्राण्यावरून. मुंबई सरकारच्या सेवेंत असलेले कर्नल साइक्स यांनीं इ. स. १८३१ सालीं त्यास 'कॅनिस पॅलिपिस' हें नांव दिलें. पॅलिपिस म्हणजे फिक्या पायांचा. युरोप व अमेरिकेंतील करड्या लांडग्याचीच ही एक पोटजात, असें पुढें ठरलें. हिमप्रदेशांतील भाऊबंदांपेक्षां आमचा लांडगा अंगानें लहान; वजन सुमारें १८ ते २५ किलो, आणि उन्हाळा सोसावयाचा म्हणून केंसहि आंखूड व विरळ. लहान म्हणून तो हलका मात्र समजूं नये. अलीकडील आनुवंशिक तपासणीवरून तो जगांतील लांडग्यांच्या अतिशय प्राचीन शाखांपैकीं एक ठरला आहे.

लांडग्यांची टोळी म्हणजे लुटारूंचा जमाव, अशी आपली समजूत असते. वस्तुतः ती एक कुटुंब असते: आईबाप, यंदाचीं पिलें व मागील वर्षांचीं कांहीं मोठीं भावंडें. मादी सुमारें ६२ दिवस गाभण राहते व बहुधा हिंवाळ्यांत विते. नाल्याच्या दरडींत किंवा खडकाच्या कपारींत केलेल्या बिळांत तीन ते पांच पिलें असतात. त्यांचे डोळे दोनएक आठवड्यांनीं उघडतात. बाप व थोरलीं भावंडें दूरवर शिकार करितात, मांस पोटांत घालून आणतात आणि पिलांपुढें ओकून त्यांस भरवितात. ही रीत किळसवाणी वाटेल. पण कोसभर अंतरावरून तोंडांत मांस धरून आणण्यापेक्षां ती अधिक सुरक्षित आहे, हें विचारान्तीं कळेल.

लांडग्याचें घर दाट अरण्य नव्हे, हा मुद्दा आमच्या जिल्ह्याच्या दृष्टीनें फार महत्त्वाचा आहे. बुलढाणा व खामगांव यांमधील डोंगरांत ज्ञानगंगा अभयारण्य आहे. सुमारें २०५ चौरस किलोमीटरांचें हें रान अस्वल व बिबट्या यांस मानवतें. लांडग्यास हवा असतो तो गवताचा, झुडपांचा, उघडा माळ; देऊळगांव राजा, सिंदखेड राजा, लोणार या बाजूस दिसतो तसा. सरकारदफ्तरीं अशा जमिनीस 'पडीक' म्हणण्याची वहिवाट पडली. पडीक म्हटलें कीं ती नांगरावी, खोदावी किंवा तींत झाडें लावावीं असें सर्वांस वाटूं लागतें. झाडें लावणारा तर पुण्यकर्मच समजतो. पण गवत गेलें कीं काळवीट जातें, ससा जातो, आणि भुकेला लांडगा मेंढवाड्याकडे वळतो.

येथें मेंढपाळाची बाजू न सांगणें अन्यायाचें होईल. एका रात्रींत दोनचार मेंढरें गेलीं तर गरीबाचें वर्षाचें गणित बिघडतें. इंग्रजी अमदानींत लांडगा मारणारास सरकार बक्षीस देई; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तोच गुन्हा ठरला. नियम फिरला, पण मेंढपाळाचें नुकसान तेंच राहिलें. म्हणून पालकांनीं हें लक्षांत ठेवावें कीं, लांडग्यानें जनावर मारल्यास राज्य सरकारकडून भरपाई मिळते. मात्र ४८ तासांच्या आंत वनखात्यास कळवावें लागतें, व पंचनामा होईपर्यंत मृत जनावर जागेवरून हलवूं नये.

लांडगा माणसांवर येतो काय? क्वचित् येतो, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. २०२४ सालीं उत्तर प्रदेशांतील बहराइच जिल्ह्यांत त्यानें अनेक बालकांचा बळी घेतला. तथापि निरोगी लांडगा सामान्यतः माणूस पाहून दूर होतो. भर दिवसां गांवांत शिरून भेटेल त्यास चावत सुटणारा लांडगा बहुधा पिसाळलेला असतो. असा चावा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन लस घ्यावी. अंगारेधुपारे करण्यांत वेळ दवडूं नये.

हा पिसाळरोग त्यास बहुधा आपल्याच मोकाट कुत्र्यांपासून जडतो. कुत्र्यांपासून दुसरेंहि एक संकट आहे: पुण्यानजीक लांडगा व कुत्रा यांचा संकर झाल्याचें २०२३ सालीं जनुकीय परीक्षेनें सिद्ध झालें. सगळ्या हिंदुस्थानांत लांडगे उरले आहेत अंदाजें ३,००० च. वाघांचा २०२२ सालचा अंदाज ३,६८२ होता. वाघासाठीं राखीव वनें आहेत, लांडगा मात्र बहुतेक तुमच्याआमच्या शेतांच्या बांधापलीकडेच राहतो. हिंवाळ्यांत नाल्याच्या कांठीं एखादें बीळ मुलांस आढळलें तर त्यांत धूर करूं नये, काठी घालूं नये, कुत्रीं सोडूं नयेत. मुकाट्यानें परत यावें. जागा उघडकीस आली असें वाटतांच मादी एकेक पिलूं तोंडांत धरून बहुधा दुसऱ्या बिळांत नेऊन ठेवते.