ओल्या कागदाची वेळ

वैशाखातली सकाळ, सहाला काही मिनिटं कमी. धुळ्यात देवपूरच्या बाजूला, एकवीरा देवीच्या देवळाजवळ, पांझरेच्या काठावर सर बसलेत. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. ओळखीचे-अनोळखी सगळे त्यांना सरच म्हणतात. मांडीवर सनमायका लावलेली फळी, तिच्यावर भिजवून पिळलेला पंचा आणि पंच्यावर कागद. 11 बाय 15 इंचांचा, 300 जीएसएमचा, दोन्ही बाजूंनी भिजवलेला. चिकटपट्टी नाही, क्लिपा नाहीत. पाण्याच्या डब्यात सर ग्लिसरीनचे चार थेंब टाकतात.

हा सगळा खटाटोप हवेसाठी आहे. जलरंगाची आपण वाचतो ती पुस्तकं बहुतेक थंड, दमट मुलुखातली. तिथे कागद ओला राहतो, कधी कधी नको इतका. इथे मे महिन्यात पारा 42 च्या पुढे जातो आणि हवेत ओल औषधालाही सापडत नाही. आकाशाचा वॉश मारून नदीपर्यंत यावं, तोवर वर आकाश वाळलेलं असतं. त्या वाळल्या कडेवर दुसरा रंग गेला की कडक रेघ उमटते. म्हणून पंचा, म्हणून ग्लिसरीन, आणि म्हणूनच ही वेळ. आठनंतर इथे ओल्यात ओलं काम करणं कठीण.

पेन्सिलीच्या रेषा मोजून चार. काठ, पाण्याची कड, शिखर, पलीकडची झाडी. सर रुंद ब्रश उचलतात आणि यलो ऑकरचा फिकट वॉश एका दमात वरून खाली आणतात. मधला एक पट्टा मात्र कोरा ठेवतात. तो नदीचा. लगेच अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना जेमतेम एकत्र करून वरच्या कोपऱ्यात सोडतात आणि फळी तिरकी धरतात. राखाडी रंग उतरायला लागतो. ऑकरला भिडतो, पसरतो, मध्येच अडतो. अल्ट्रामरीनचे जड कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि एकाच राखाडीत निळं-तांबूस काहीतरी हलत राहतं. झाडी कुणी काढलेली नाही, पण ती आली आहे.

"आता हात लावायचा नाही," सर म्हणतात. मान वाकडी करून ते कागदाकडे आडवं बघतात. चमक आहे तोवर रंग सोडायचा, चमक मावळली की थांबायचं. अर्धवट वाळलेल्या जागी पाणी पडलं तर रंगाचं फूल उमटतं आणि ते काही केल्या निघत नाही.

देवळाचं शिखर ते एका फटक्यात घेतात. खालचा भाग ओल्या राखाडीत विरघळू देतात. पायऱ्या, दिव्याचे खांब, तारा, काठावरचा कचरा, सगळं गाळलेलं. जे दिसतं ते नाही, सकाळ अंगावर आली तेवढंच त्यांना हवं आहे. पांढरा रंग पेटीत नाहीच. पाण्यावरचा उजेड म्हणजे तो राखलेला कोरा कागद. सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या मुलीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, तेही जलरंगातलंच. त्यातला उजेड फार संयमाने सांभाळलेला आहे. सरांची वाट वेगळी, घाईची आणि अंगावर घेण्याची; पण कागदाच्या पांढऱ्यावरची श्रद्धा तीच.

चमक गेल्यावर सर दाट रंगाचे दोन ठिपके पाण्याच्या कडेला ठेवतात. म्हशी घेऊन आलेले आप्पा मघापासून मागे उभे आहेत. ते खाली वाकतात.

"हाई मन्ही म्हैस शे का?"

"शे ना, आप्पा."

दोन ठिपक्यांत आप्पांना म्हैस दिसते, तीही स्वतःची. हे जमतं कसं, त्याचं उत्तर सरांच्या शबनममध्ये आहे. तळहाताएवढी वही. मी ती चाळतो. म्हशी, बसलेल्या, उठणाऱ्या, नुसत्या पाठी. चहाच्या टपरीवरचे खांदे. नातवाचा झोपलेला पाय. सगळं बॉलपेनने, म्हणजे खोडायची सोय नाही. रोज एक पान, घरात लग्न असो की अंगात ताप. ओल्या कागदापुढे विचार करायला सवड मिळत नाही. विचार या वहीत आधीच करून झालेला असतो, असं मला पानागणिक पटत जातं.

नऊच्या एसटीने आम्ही जळगावला निघतो. पारोळा, एरंडोल. गाडी हलते तशी सरांची रेषा हलते, त्यांना ती तशीच हवी असते. चाळीसगावच्या केकी मूस यांचा विषय निघतो, खानदेशात तो निघतोच. 1912 चा जन्म, 1989 मध्ये निधन. मधली कित्येक दशकं हा माणूस स्टेशनजवळच्या आपल्या घरातून जवळपास बाहेर पडला नाही आणि तिथेच छायाचित्रं, चित्रं, शिल्पं करत राहिला. टेबलावर मांडामांड करून त्यांनी अख्खी दृश्यं उभी केली. विषय मिळत नाही म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना सर चाळीसगावचं ते घर बघायला पाठवतात.

जळगावातला वर्ग. पंचवीस-तीस मुलं, बरीचशी इंटरमीजिएटच्या तयारीतली. एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षांनी चित्रकला खेड्यापाड्यांत नेली, हे त्यांचं मोठं काम. पण स्थिरचित्र आणि संकल्पचित्र करता करता रंग रेषेबाहेर जाण्याची एक भीतीही हातात बसते. ती इथे दिसते: मुलं ब्रश टोकाशी धरून, श्वास रोखून बसली आहेत.

"पंखे बंद करा," सर सांगतात. या उकाड्यात! पण पंख्याखाली वॉश दोन मिनिटं टिकणार नाही. मुलं घामाघूम होतात, कागद मात्र ओले राहतात. पुढच्या बाकावरच्या मुलीचा निळा रंग पिवळ्यात घुसतो; ती पटकन कापसाचा बोळा उचलते. सर तिचा हात अडवतात. "थांब. बघ तरी, कुठे चाललाय तो." ती बघते. हिरवा केळीच्या पानासारखा फाटत खाली उतरतो आणि तिच्या तोंडून "अय्या" निघून जातं.

"वाळेपर्यंत रिकामं बसायचं नाही. बॉलपेन काढा. शेजाऱ्याला काढा, एका मिनिटात!" वर्गात एकच कल्ला होतो. काय चाललंय ते बघायला शिपाईमामा दारात येतात, आणि सगळ्या वह्या त्यांच्याकडे वळतात. "मामा, हलू नका!"